कॉर्डलेस ड्रिल: कडीवरचे आकडे, घासणारी स्क्रूची डोकी आणि भिंतीत न शिरणारा बिट

हौशी_हात

१८ व्होल्टचं हॅमरवालं कॉर्डलेस ड्रिल घेतलं आहे. चक (बिट पकडणारा जबडा) १३ मिमी, वर वेगाचा १-२ चा सरकता खटका (१ हळू, २ जलद), पुढे दोन कड्या: एकीवर १ ते २० आकडे, दुसरीवर स्क्रू, ड्रिल आणि हातोडा अशी चित्रं. तीन ठिकाणी अडलं आहे.

कपाटाच्या बिजागऱ्यांचे १६ मिमी लांबीचे स्क्रू १८ मिमी प्लायमध्ये बसवताना डोक्यातली फुली घासून गोल होते, दोन स्क्रूंनी तर भोकच सैल केलं. पडद्याच्या ब्रॅकेटसाठी ६ मिमीचं भोक हवं आहे, पण बिट जेमतेम १ सेंमी आत जाऊन थांबतो. शेजारच्या भिंतीत तोच बिट सहज गेला. आणि ५ मिमी जाडीच्या लोखंडी अँगलला ८ मिमीचं भोक पाडताना शेवटी यंत्र जोरात फिरून मनगटाला झटका बसतो. आकडा नेमका कितीवर ठेवायचा?

गिरमिट

स्क्रू बसवताना दुसरी कडी ड्रिलच्या चित्रावर होती का, ते आधी पाहा. आकड्यांची कडी म्हणजे क्लच. ठरलेल्या जोरापलीकडे अडथळा आला की तो कटकट आवाज करून सुटतो आणि चक फिरायचा थांबतो. बहुतेक यंत्रांत ड्रिल किंवा हातोड्याच्या चित्रावर क्लच पूर्ण बंद असतो, मग आकडा ५ असो की २०, काही फरक पडत नाही. मोटारीचा सगळा जोर स्क्रूच्या डोक्यावर जातो. डोकं घासणं आणि भोक सैल होणं, दोन्हींचं कारण बहुधा हेच.

बिजागरीच्या बारीक स्क्रूला चित्र स्क्रूचं, खटका १ वर, आकडा ३ किंवा ४. डोकं पत्र्याला टेकण्याआधीच कटकट झाली तर एक-एक आकडा वाढवा. टेकल्यावर कटकट झाली तर तोच आकडा बरोबर, आणि लगेच बोट सोडा. एका यंत्रावरचा ५ दुसऱ्यावर ८ असू शकतो, म्हणून कुणी सांगितलेला आकडा तसाच लावू नका. त्याच प्लायच्या तुकड्यात एक स्क्रू मारून ठरवा.

आता बिट. फुलीच्या स्क्रूंचे दोन प्रकार सर्रास मिळतात, पीएच (फिलिप्स) आणि पीझेड (पोझिड्राइव्ह). डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध तिरक्या चार बारीक रेघा असतील तर तो पीझेड. पीझेड स्क्रूला पीएच बिट वरवर बसल्यासारखा वाटतो, पण जोर आला की उसळतो आणि कडा खातो. आपल्याकडे जास्त लागतात ते पीएच २ आणि पीझेड २. दोन्ही घेऊन ठेवा, टोक झिजलेला बिट सरळ फेकून द्या. एक झिजलेला बिट सगळ्या स्क्रूंची डोकी खराब करतो.

प्लायला आधी बारीक भोक पाडायचा कंटाळा करू नका. ३.५ मिमीच्या स्क्रूला २ ते २.५ मिमी, ८ नंबरच्या म्हणजे साधारण ४.२ मिमीच्या स्क्रूला ३ मिमी. बिटवर १२ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बिट पलीकडे निघणार नाही. मग बिट, स्क्रू आणि तुमचं कोपर एका रेषेत ठेवून मागून दाब द्या आणि बोटाखालचा खटका हळू दाबा. दाब कमी आणि वेग जास्त असला की बिट उसळणारच.

ओळंबा

भिंतीचं उत्तर भोकातून पडणाऱ्या भुकटीत आहे. लालसर भुकटी आली तर वीट. पांढरट, मऊ आली तर सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक. प्लास्टरनंतरही राखाडी पीठच येत राहिलं आणि बिट गरम झाला तर काँक्रीट. पडद्याचा ब्रॅकेट खिडकीच्या लगेच वर येतो आणि तिथे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी असते, बऱ्याच इमारतींत तर थेट बीमच. तुमचा बिट १ सेंमी प्लास्टर ओलांडून तिथेच थांबतो आहे.

कॉर्डलेस ड्रिलचा हॅमर म्हणजे आत एकमेकींवर घासणाऱ्या दोन दातेरी चकत्या. ठोका लहान असतो आणि त्याचा जोर तुमच्या ढकलण्यावर अवलंबून असतो. एसडीएस रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने दट्ट्या बिटवर आपटतो, म्हणून ते यंत्र काँक्रीटमध्ये सरळ घुसतं. दोन-चार भोकं असतील तर तुमच्या यंत्रावर होतील: हातोड्याचं चित्र, खटका २ वर, टोकाला कार्बाइड असलेला नवा बिट, आधी ४ मिमी आणि मग ६ मिमी. दर ५-७ सेकंदांनी बिट फिरता ठेवूनच बाहेर काढा, पीठ निघू द्या. अडकलेलं पीठ बिटला घासतं आणि टोकाच्या कार्बाइडचा जोड सुटतो. याहून जास्त भोकं असतील तर रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा, या गिअरबॉक्सवर अत्याचार करू नका.

मध्येच बिट ठाम थांबला आणि भुकटीत चकचकीत कण दिसले तर ती सळई आहे. ती कापायची नाही, ३-४ सेंमी बाजूला सरका. हलक्या ब्लॉकला हॅमर अजिबात लावू नका, भोक फुटून गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) सैल बसते. टाइलवरही हॅमर बंदच. टाइल संपून मागची वीट लागली की मग चालू करा.

गिट्टीच्या लांबीपेक्षा भोक ५ ते १० मिमी जास्त खोल हवं, नाहीतर तळाशी उरलेलं पीठ गिट्टीला पूर्ण बसू देत नाही. पीठ तोंडाने फुंकू नका, ते डोळ्यांत येतं आणि त्यात सिलिका असते. छोटा हातपंप किंवा जुना ब्रश पुरे. मास्क लावा.

फेज_न्यूट्रल

भोक पाडायच्या आधी एक गोष्ट. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, तसंच दोन बोर्डांच्या मधल्या आडव्या पट्ट्यात तारांचा पाइप असतो असं धरूनच चाला. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाण्याचेही असतात. बॅटरीच्या यंत्राचा मोठा फायदा हाच की मेन बंद करूनही काम करता येतं, तो घ्या. बॅटरीच्या यंत्राला अर्थिंग नसतं, त्यामुळे बिट फेजच्या तारेला लागला तर एमसीबी पडेलच असं नाही. चक मात्र जिवंत होतो. त्या वेळी चकला हात लागलेला असेल तर धक्का थेट तुम्हाला. हात कायम रबरी मुठीवरच ठेवा.

हौशी_हात

भुकटी राखाडीच आहे आणि जागा खिडकीच्या वरचीच. कडीही ड्रिलवरच होती. अँगलचं आणि सैल झालेल्या भोकांचं कुणी सांगेल का?

पटाशी

अँगल आधी सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. हातात किंवा पायाखाली धरून कधीही नाही. सेंटर पंचने खूण ठोका, नाहीतर बिट घसरतो. एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) बिट घ्या, भिंतीचा कार्बाइड बिट लोखंडाला चालत नाही. आधी ३ मिमीचं भोक, खटका २ वर. मग ८ मिमीचं, खटका १ वर, मशीन ऑइलचे दोन थेंब टाकून. चकाकता, गोल, सलग कीस निघाला तर वेग आणि दाब बरोबर. नुसता धूर आणि पीठ आलं तर बिट बोथट आहे किंवा तुम्ही फार वेगाने फिरवताय.

झटका बसतो तो आरपार जाण्याच्या क्षणी. बिटचं टोक पलीकडे निघतं, धार उरलेल्या पातळ पत्र्यात एकदम खोल रुतते आणि बिट थांबल्यावर यंत्रच तुमच्या मनगटासकट फिरतं. म्हणून शेवटच्या १ मिमीला दाब जवळजवळ काढून घ्या, बाजूचं हँडल लावून दोन्ही हातांनी धरा. आणखी एक उपाय: या भोकाला चित्र ड्रिलऐवजी स्क्रूवर आणि आकडा २० वर ठेवा. बिट रुतला तर मनगटाऐवजी क्लच सुटेल. वाटेतच सुटायला लागला तर ड्रिलवर आणावं लागेल. अडकलाच तर बोटाखालचा खटका सोडून उलट दिशेने हळू काढा.

स्टुलावर उभं राहून हे काम करू नका. गॉगल हवाच, हातमोजे मात्र नकोत, फिरणारा बिट मोज्याचं कापड पकडून बोट ओढून घेतो. ओढणी, बांगड्या, मनगटातला धागा, मोकळे केस, सगळ्यांचं तेच.

गिरमिट

बिट बदलताना बॅटरी काढा. निदान दिशेचा खटका मध्यावर आणा, तिथे तो कुलूपबंद होतो. चकची कडी हाताने धरून मोटर चालवून आवळायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडा. बारीक बिट तीन जबड्यांच्या मधोमधच बसला आहे ना, हे हाताने फिरवून पाहा. दोन जबड्यांत तिरका अडकला की तो डगमगतो आणि मोडतो. १-२ चा खटका यंत्र पूर्ण थांबल्यावरच सरकवा. सरकत नसेल तर चक हाताने थोडा फिरवा, दाते जुळतात.

बॅटरी काम झाल्यावर गरम असेल तर आधी थंड होऊ द्या, मग चार्जरला लावा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून यंत्रातून काढून ठेवा.

सैल भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या, गूल काढून, घट्ट मावतील तेवढ्या ठोका. एक रात्र वाळू द्या, वर आलेला भाग पटाशीने सपाट कापा आणि मधोमध पुन्हा २ मिमीचं भोक पाडा. तिथला शेवटचा अर्धा फेरा हातातल्या स्क्रूड्रायव्हरने द्या.