सिल्व्हर बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा पोत आला आहे. घासून काढावा की पुन्हा रंग मारावा?

मुलुंडकर
नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे. १५ वर्षे झाल्यावर पासिंग करून घेतले आणि त्याच उत्साहात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच रंगकामाला हात घातला. बॉनेटच्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरणे, पेपर मारणे व प्रायमर हे सारे मनासारखे झाले. सिल्व्हर मेटॅलिकवर हार्डनर घालून क्लिअर कोटचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) दोन हात मारले. डावीकडून सुरुवात केली, तो भाग बराच गुळगुळीत आहे. मात्र उजवीकडे सरकत जावे तसा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होत गेला आहे. कंप्रेसर १ अश्वशक्तीचा, २५ लिटर टाकीचा असून गनचा नोझल १.८ मिलिमीटरचा आहे. त्याखेरीज ऑगस्टमध्ये स्प्रे-कॅनमधील लॅकर मारलेल्या दारावर दुधाळ झाक आली आहे. दोन्ही दोष पॉलिशने जातील काय?

भांडुपचा रंगारी
आपण ‘डावीकडून उजवीकडे’ हे लिहिलेत म्हणून निदान सोपे झाले. हात वाईट असता, तर खडबडीतपणा सगळीकडे सारखा आला असता. येथे टाकीतील हवा संपत गेली आहे. बऱ्याच एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनना मिनिटाला ८ ते १२ घनफूट हवा लागते आणि १ अश्वशक्तीचा कंप्रेसर त्याच्या निम्मीही देऊ शकत नाही. दाब उतरला की थेंब मोठे पडतात, आणि ते एकमेकांत मिसळून सपाट होण्याआधीच थिनर उडून जातो. जे दिसते ती त्या थेंबांची गोठलेली नक्षी आहे. त्यात १.८ चा नोझल प्रायमरसाठी असतो. क्लिअरला १.३ किंवा १.४ घ्यावा, नागदेवी स्ट्रीटवर तो सहज मिळेल.

बॉनेट आठवडाभर वाळू द्या. नंतर मऊ रबरी ठोकळ्यावर १५०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकून हलक्या हाताने घासा. मधूनमधून रबरी पट्टीने पाणी निपटून तिरक्या उजेडात पाहा: जेथे बारीक चमकते ठिपके उरले आहेत, तेथे खड्डे अजून शिल्लक आहेत. सगळीकडे सारखा मंदपणा आला की थांबा, मग २००० आणि ३००० नंबरचे पेपर व त्यानंतर रबिंग कंपाउंड. कडांवर आणि बॉनेटच्या उठावाच्या रेषेवर मास्किंग टेप लावून ठेवा, कारण क्लिअरचा थर तेथे सर्वांत पातळ बसतो. घासताना निघणारे पाणी पांढरे असले तर ठीक. करडे-चंदेरी दिसू लागले, तर आपण क्लिअर ओलांडून मेटॅलिकपर्यंत पोहोचला आहात.

जुना पद्मिनीवाला
वरील निदान मला मान्य आहे, उपाय मात्र पूर्णपणे मान्य नाही. दोनच हात मारलेले असताना खडबडीत बाजू सपाट होईपर्यंत घासली, तर उरलेला थर फारच पातळ होईल, आणि ज्या गाडीला दिवसभर ऊन खावे लागते तिचा असा क्लिअर काही वर्षांतच पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मी स्वतः हौसेपोटी प्रीमियर पद्मिनीच्या टपावर हा उद्योग करून बसलो आहे. महिनाभर आरशासारखे दिसले, नंतर कडेला चट्टे पडले. तेव्हा पूर्ण बॉनेट ८०० नंबरने केवळ उंचवटे जाईपर्यंत घासावे, स्वच्छ पुसून घ्यावे आणि त्यावर क्लिअरचे नवे दोन हात मारावेत. गन १५ ते २० सेंटिमीटरवर, पृष्ठभागाला काटकोनात ठेवावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. मनगट वळवून कमान काढू नये. हात सरळ रेषेत न्यावा. मेटॅलिकवर थेट पेपर मात्र कधीही मारू नये, कण अस्ताव्यस्त होऊन डाग दिसतात.

दाराचा दोष निराळा आहे आणि तो मुंबईच्या हवेचा आहे. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार करतो. २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर पृष्ठभाग २४ अंशांच्या आसपास येताच त्यावर दव धरते, आणि ते ओल्या लॅकरमध्ये अडकून दुधाळ दिसते. दोष ताजा असल्यास कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी पातळ फवारा मारून पाहा. झाक पुष्कळदा विरघळून निघून जाते. तसे न झाल्यास घासून पुन्हा मारणे आले. माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारीशिवाय या शहरात घरी लॅकर मारूच नये.

भांडुपचा रंगारी
थराबाबतचे म्हणणे रास्त आहे, माघार घेतो. एक भर घालतो: पाण्याचा फिल्टर कंप्रेसरच्या तोंडाशीच लावला, तर गरम हवेतील वाफ त्यातून तशीच पुढे जाते आणि पाईपमध्ये गार होऊन गनमधून थेंब उडतात. मध्ये काही मीटर पाईप ठेवून, गनच्या अलीकडे फिल्टर बसवा.

शीवची वाचक
रंगाविषयी मला फारसे कळत नाही, परंतु हार्डनर घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, हे सांगणे आवश्यक वाटते. कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे. व्यवसायात बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. घरी त्याची सोय नसल्यास क्लिअरचे काम स्प्रे-बूथ (फवारणीसाठीची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजकडे द्यावे. पार्किंगमध्ये मुले खेळत असतात, थिनरची वाफ खाली साचते आणि एका ठिणगीने पेट घेते, हाही विचार व्हावा.

मुलुंडकर
आपणा सर्वांचे आभार. काल प्रेशर गेज लावून मोजले: गन दाबून धरल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत काटा निम्म्यावर आला. घासण्याचे काम मीच करीन, क्लिअर मात्र बूथमध्ये मारून घेईन. दारासाठी पाऊस सरण्याची वाट पाहतो. गॅरेजवाल्याने पॅनेल ८०० नंबरवर आणून द्यायला सांगितले आहे. कडा त्याहून बारीक पेपरने कराव्यात काय?

जुना पद्मिनीवाला
होय, कडांवर १००० नंबर, तोही ठोकळ्याशिवाय, बोटांनी.