कुंडीतला अडुळसा आणि त्याचा रस

ताई, पावसात कुंडीतल्या अडुळशाची पानं पिवळी पडून गळतायत आणि खोकल्यासाठी त्याचा रस कसा काढायचा, असं तुम्ही विचारलंत. आमच्या नौपाड्यातल्या गॅलरीतही हेच झालं होतं. आधी कुंडी उचलून खालचं भोक बघा. आमचं मुळांनी आणि चिखलाने पार बुजलं होतं. काडी घालून मोकळं केलं, ताटली काढली, कुंडी दोन विटांवर ठेवली. पंधरा दिवसांत पेरापेरातून पोपटी फूट आली. ठाण्याच्या पावसात कुंडीखाली ताटली नकोच. छाटलेल्या फांद्या मात्र टाकू नका, वीतभर तुकडे मातीत खोचले तरी जगतात.

रसाचं म्हणाल तर कच्ची पानं वाटून हाती चोथाच येतो. माझी आई पानं चाळणीत ठेवून दहा मिनिटं वाफवायची. ती काळपट, मऊ झाली की फडक्यात घालून पिळायची. तेव्हा कुठे चमचाभर गडद रस निघायचा. भयंकर कडू, म्हणून मधातून. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, आणि गरोदर बाईला अडुळसा देऊच नका. त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, इतका त्यात दम आहे. ताप किंवा धाप असेल तर रसाच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवा.

रविवारी आमची छाटणी आहे, फांद्या हव्या असतील तर ठेवते बाजूला.