मदत हवी आहे: बाळंतिणीची कंबर दुखते, घरी कोणता व्यायाम सांगू?

यवतमाळकडच्या गावात आशाचं काम करते. एका बाईची नॉर्मल डिलिव्हरी होऊन सहा आठवडे झालेत. बाजेवरून उठताना आणि पाजताना कंबर खालच्या बाजूला दुखते. ताप नाही, पाय सुन्न होत नाही. सासूबाई म्हणतात पोट घट्ट बांध. कापसाची वेचणी तोंडावर आहे. काय सांगू?

प्रतिसाद १
ताई, आधी बाज सोडायला सांगा. झोल पडलेल्या बाजेवर व्यायाम होतच नाही. जमिनीवर सतरंजी दुहेरी घालून उताणं झोपवा, गुडघे उभे. कमरेखाली पोकळी राहते, तिथे तिचाच तळहात सरकवा. श्वास सोडत बेंबी आत ओढायची आणि कमरेने हात दाबायचा. पाच मोजेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हमखास चूक म्हणजे श्वास कोंडणं. मोठ्याने आकडे मोजायला लावा, आपोआप टळते.

लघवी अडवतो तसे खालचे स्नायू आवळणंही दहा वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नाही.

प्रतिसाद २
व्यायाम दहा मिनिटांचा, पाजणं दिवसातून आठ-दहा वेळा. दुखणं बहुतेक तिथूनच येतं. भिंतीला टेकून बसायचं, कमरेमागे लुगड्याची गुंडाळी, मांडीवर उशी. बाळ छातीपर्यंत आणायचं, आपण बाळावर वाकायचं नाही. उठताना आधी कुशीवर, मग हाताचा रेटा.

पोट सैल बांधलं तर हरकत नाही. करकचून बांधलं की पोटातला दाब खाली जातो आणि अंग (गर्भाशय) बाहेर येण्याची भीती वाढते. शेक घ्या, पण बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्याची शेगडी नको, निखाऱ्याच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने जीव जाऊ शकतो.

वेचणीत कमरेला बांधलेली कापसाची ओटी गच्च भरू देऊ नका, थोडी थोडी रिकामी करा. पाण्याचा भरलेला गुंड कमरेवर सध्या नकोच. पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो, तेही एका बाजूला.

धागाकर्ती
बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून डोकं उचलायला लावलं, पोटाच्या दोन बाजूंच्या स्नायूंमध्ये दोन बोटं जागा लागली. कंबर उचलायचा व्यायाम देऊ का?

प्रतिसाद १
दोन बोटं या वेळेला बऱ्याच जणींना असतात. पहिला व्यायाम दोन आठवडे न दुखता झाला की द्या, आठ वेळांपासून. पोट मधोमध सुळक्यासारखं वर आलं तर थांबवा. उताणं झोपून धड उचलून उठून बसतात तसलं पोटाचं काही आत्ता नको. सिझेरियनवाल्या बाईला हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी समजेनाशी झाली, ताप आला किंवा एकच पोटरी सुजली, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय.