मायग्रेशन: स्थलांतर, रूपांतर की फेरफार?

प्रश्न
कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं चार जणांचं ऑफिस. रेल्समध्ये (वेब-सॉफ्टवेअर लिहायची एक चौकट) ऊसनोंदीचं सॉफ्टवेअर लिहितो. नव्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढतोय. त्यात 'डेटाबेस मायग्रेशन'ला, म्हणजे टेबलांच्या रचनेत केलेल्या बदलाला, 'स्थलांतर' लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, "सर, डेटा कुठं चाललाय?" कुठंच नाही. गट नंबरचा रकाना आम्ही इंटीजर (फक्त पूर्णांक) ठेवला होता, आणि 114/2अ असा गट आला. म्हणून तो स्ट्रिंग (अक्षरंही चालतील असा) करायचा होता, टेबल जागच्या जागी. मग याला शब्द कोणता?

— 
ऊसतोड मजुरांचं ते स्थलांतर. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेला तर तिथंही शोभेल. इथं 'रूपांतर' म्हणा.

— 
रूपांतर एवढ्याच उदाहरणाला बसतं. नवा रकाना जोडणं, शोध जलद व्हावा म्हणून इंडेक्स लावणं, टेबल काढून टाकणं, सगळं मायग्रेशनच की. जाता जाता: 'रकाना' लिहिलंत ते बरं केलंत, 'स्तंभ' वाचला की देवळाचा खांब दिसतो.

— 
मला संगणकातलं फार कळत नाही, पण करवीर तालुक्यात तलाठी होतो. तुम्ही सांगताय त्याला आमच्यात फेरफार म्हणतात. गाव नमुना 6 ही फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, बोजा, काहीही बदललं की आधी तिथं अनुक्रमानं नोंद पडायची. मंडल अधिकाऱ्यानं प्रमाणित केली की मगच सातबारा बदलायचा. हाती लिहायचो तेव्हा जुनं नाव खोडत नव्हतो, कंस करायचो.

प्रश्नकर्ता
काका, नाद खुळा! अगदी हेच चालतं. रेल्समध्ये प्रत्येक मायग्रेशनच्या फाइलला तारीख-वेळेचा क्रमांक असतो, त्याच क्रमानं त्या चालतात. कोणत्या चालून झाल्या ते 'स्कीमा मायग्रेशन्स' नावाच्या टेबलात नोंदलं जातं. ती तुमची नोंदवही, आणि आजची स्थिती सांगणारी स्कीमा फाइल म्हणजे सातबारा.

— 
पण 'हिशेबात फेरफार' म्हटलं की लबाडीचा वास येतो. ग्राहकाला कसं सांगणार, "तुमच्या डेटात फेरफार केला"?

— (तलाठी)
क्रियापद बघा की. कागदात फेरफार 'करतात' ती लबाडी. फेरफार 'नोंदवतात', 'मंजूर होतो', ते कायद्याचं काम.

— 
हे पटलं. मग रोलबॅकला, म्हणजे केलेला बदल उलटा फिरवण्याला, काय? 'माघार'?

प्रश्नकर्ता
'माघार' चालेल, पण ती दर वेळी मिळत नाही. रकान्याचा प्रकार नुसता बदला म्हटलं तर मागं फिरताना रेल्स अडतं, कारण आधीचा प्रकार त्याला ठाऊक नसतो. जायची आणि परतायची वाट वेगवेगळी लिहावी लागते. लिहिली तरी एकदा 114/2अ आत बसला की त्याचा इंटीजर कसा करणार? आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो आधी विचारतो, स्ट्रिंगचा आकडा कसा करू ते सांग. सांगितलं तरी त्या 'अ'पाशी थांबतो. आणि एक सांगतो, शब्दाशी संबंध नाही: गळीत हंगामात हे भर दुपारी करू नका. पोस्टग्रेस सगळं टेबल नव्यानं लिहितं, तोवर कुलूप. आमच्या नोंदी खोळंबल्या होत्या.

— (तलाठी)
आमच्यात माघार नव्हतीच. नोंद चुकली तर दुरुस्तीचा नवा फेरफार.

प्रश्नकर्ता
जाणती मंडळी डेटाबेसलाही तेच सांगतात. टिपणात 'फेरफार' केलं, 'नोंदवणे' या क्रियापदासकट. पोरांनी शब्द उचलला, क्रियापद नाही. सकाळीच ऐकलं, "फेरफार मारलास काय रे?"