तीनचाकीचे ॲव्हरेज आणि पेट्रोलची निवड : बेळगाव सीमाभागातील चालकांचे अनुभव

धागाकर्ता, टिळकवाडी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत तीनचाकीवरून लांबचा प्रवास करणारे लोक आता पुष्कळ दिसतात. बाजूला चाके बसवलेल्या स्कूटरवरून नोकरीला जाणारे दिव्यांग आहेत, साइडकार जोडलेल्या बुलेटवरून सहकुटुंब फिरणारे हौशी आहेत आणि रिक्षाचालक तर आहेतच. पंपावर किंवा गॅरेजमध्ये ॲव्हरेजचा विषय निघाला की या सर्वांना दुचाकीचे हिशेब ऐकवले जातात. त्यामुळे आपली गाडी बिघडली आहे की तीनचाकीचे गणितच वेगळे आहे, हे समजायला मार्ग राहत नाही. माझी ११० सीसीची स्कूटर मूळ रूपात लिटरला ४५ ते ५० किलोमीटर पळणारी आहे. बाजूची चाके बसवल्यावर ती ३५ च्या आसपास पळते आणि गोकाककडे जाताना समोरून वारा असला तर त्याहून खाली येते.

अनुभव लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. टाकी फुल केल्यापासून पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल करेपर्यंत पडलेले किलोमीटर धरूनच आकडा द्यावा. काट्यावरून काढलेला अंदाज नको, कारण तिरकी उभी असलेली आणि सरळ उभी असलेली गाडी यांत टाकीतील पातळी वेगळी दिसते. गाडीवरील वजन, रस्ता, चाकांतील हवा आणि पेट्रोलचा प्रकार हेही नमूद करावे.

निपाणी, रिक्षाचालक

माझी चार स्ट्रोकची पेट्रोल रिक्षा गावात २५ आणि चिकोडी रस्त्याला ३० पर्यंत ॲव्हरेज देते. गावात खड्डे, गतिरोधक आणि पॅसेंजरसाठी सतत थांबणे यांतच पाच किलोमीटर जातात, असा माझा हिशेब आहे.

आमच्याकडे पेट्रोलची निवड म्हणजे मुख्यतः राज्याची निवड असते. कर्नाटकात स्वस्त पडते म्हणून कागल आणि कोल्हापूरकडचे लोक पेट्रोल घालायला सीमेवरील कोगनोळीच्या बाजूला येतात, ही जुनीच पद्धत आहे. मात्र जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला, लिटरमागे सुमारे ३ रुपये वाढले आणि दोन्ही राज्यांतील फरक बराच कमी झाला. समजा, लिटरमागे दीड रुपया वाचतो आणि आठ लिटर घालायचे आहेत, तर वाचतात १२ रुपये. त्यासाठी रिक्षा दहा किलोमीटर जास्त पळवली तर तीस-पस्तीस रुपयांचे पेट्रोल वाटेतच जळते. ज्यांचा रस्ताच सीमेवरून जातो त्यांनी कर्नाटकाच्या बाजूला घालावे. मुद्दाम जाण्यात आता अर्थ उरलेला नाही.

खानापूर, शिक्षिका

माझी स्कूटर शासनाच्या योजनेतून मिळालेली, बाजूला दोन चाके असलेली आहे. शाळा जांबोटी रस्त्याला असल्यामुळे रोजची वाट चढउताराची आहे आणि पावसाळ्यात तर कणकुंबीकडून येणारा पाऊस इतका असतो की जून ते सप्टेंबर गाडी कोरडी म्हणून राहत नाही. माझे ॲव्हरेज उन्हाळ्यात ३६ ते ३८ आणि पावसाळ्यात ३१ ते ३२ असते. हा फरक केवळ ओल्या रस्त्याचा नसावा, असे वाटल्यावरून मी दोन गोष्टींकडे लक्ष दिले.

पहिली गोष्ट बाजूच्या चाकांची. मूळ स्कूटरच्या मागच्या चाकात एकट्यासाठी २९ आणि मागे माणूस असल्यास ३६ पौंड हवा सांगितलेली आहे. बाजूच्या चाकांत किती हवी, हे चाके बसवणाऱ्याने सांगितले नाही आणि पुस्तिकेतही ते नाही. प्रत्यक्षात ही चाके किती भार घेतात हे त्यांच्या स्प्रिंगवर आणि बसवलेल्या उंचीवर ठरते. ती जरा खाली बसवली गेली की मधले चाक उचलल्यासारखे होते, चढावर ते पकड सोडून फिरते आणि तेवढे पेट्रोल वाया जाते. माझ्या गाडीत नेमके हेच होत होते. ओल्या घाटात ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढायचा आणि गाडी मात्र तशीच रांगायची. चाके बोटभर वर घेतल्यावर हा त्रास गेला आणि पावसाळ्यातील ॲव्हरेजही दोन किलोमीटरने सुधारले.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिनाला नेमके तेच आधी मिळते. माझी गाडी सुट्टीत उभी राहते, टाकी पत्र्याची आहे आणि अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत तेवढी दमट हवा. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीपासून टाकी भरलेली ठेवणे आणि झाकणाचे रबर बदलून घेणे हे मी नियमाने करते. आमच्या भागातील ज्या भगिनींच्या गाड्या आठवडा-आठवडा अंगणात उभ्या असतात, त्यांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे.

बेळगाव कॅम्प, निवृत्त सुभेदार

ताईंनी चाकांच्या उंचीबद्दल जे लिहिले आहे, ते साइडकारलाही तंतोतंत लागू आहे. माझी बुलेट ३४६ सीसीची, युनिट इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेली) आहे. साइडकार नसताना ती ३५ देत असे; साइडकार, पत्नी आणि सामान यांसह आंबोली आणि वंटमुरी घाटाच्या रस्त्यांवर २५ ते २६ देते आणि हा आकडा मी योग्य समजतो.

साइडकारचे चाक मागच्या चाकाशी अगदी समांतर नसते; त्याचे तोंड किंचित आत, गाडीकडे वळलेले असावे लागते. हे वळण साधारण १५ ते २० मिलिमीटरच्या घरात असते. मोजण्याची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवून एक सरळ लांब पट्टी आणि साइडकारच्या चाकाला टेकवून दुसरी पट्टी जमिनीलगत ठेवावी, आणि दोन पट्ट्यांमधील अंतर पुढे व मागे टेपने मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा कमी भरले पाहिजे. माझी साइडकार जोडून आली तेव्हा हा फरक याच्या दुपटीहून अधिक होता. टायर कडेने खरवडल्यासारखा झिजत होता आणि ॲव्हरेज २० वर आले होते. मोजून बसवल्यावर गाडी हँडल न ओढता सरळ चालू लागली आणि पुढच्याच टाकीला फरक दिसला.

दुसरे म्हणजे गिअरिंग. तेवढे वजन मूळ दात्यांवर ओढायला लावले तर चढावर इंजिनातून टकटक ऐकू येते आणि लोक लगेच महाग पेट्रोलकडे वळतात. मी पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) एक दाता कमी असलेले घातले. सपाट रस्त्याला इंजिन थोडे जास्त फिरते, पण घाटात ते गुदमरत नाही. या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, ८.५ ला १ इतकेच आहे. त्याला जास्त ऑक्टेनचे, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेणारे महाग पेट्रोल घालून काहीही मिळत नाही, हे मी दोन्ही प्रकार आलटून पालटून वापरून खात्री केलेले आहे.

कॅनडा, मूळचा शहापूरचा

मी येथे कॅन-ॲम स्पायडर आरटी चालवतो. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली ही प्रवासी तीनचाकी असून तिला १३३० सीसीचे तीन सिलिंडरचे रोटॅक्स इंजिन आणि २६ लिटरची टाकी आहे. मला १०० किलोमीटरला ६ ते ७ लिटर, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला १४ ते १६ किलोमीटर मिळतात. या गाडीत इको मोड आहे, परंतु त्यापेक्षा वेगाचा परिणाम कितीतरी मोठा आहे. वेग ताशी ६० वरून ९० केला की वाऱ्याचा अडसर सव्वादोनपट होतो आणि रुंद पुढा असलेल्या तीनचाकीला तो दुचाकीपेक्षा अधिक भोवतो. निपाणी ते बेळगाव महामार्गावरही हेच गणित आहे.

ऑक्टेनच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. येथील पंपावरील ८७ हा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. भारतात पंपावर त्यांपैकी आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) ही एकच चाचणी दाखवली जाते. येथील ८७ म्हणजे भारतातील साधारण ९१ आणि येथील ९१ म्हणजे सुमारे ९५. परदेशी चालकांचे सल्ले वाचून ‘आपल्याकडे ९१ मिळते, म्हणजे ते तिकडचे प्रीमियमच झाले’ असा अर्थ काढू नये.

शहापूर, गॅरेजचालक

कॅनडाच्या बंधूंनी लिहिलेल्या मुद्द्याला जोडून सांगतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधील ताकद नव्हे; दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची ती क्षमता आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन सुमारे १०८ असल्यामुळे साध्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा आकडा आता ९५ पर्यंत पोहोचला आहे, त्यामुळे ११० सीसीच्या स्कूटरमध्ये लिटरमागे जास्त पैसे देऊन ९५ चे वेगळे पेट्रोल घालण्याचे कारण मला दिसत नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांची मात्र काळजी घ्यावी लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) स्कूटरमध्ये इंधनाचे इंजेक्शन असल्याने मिश्रण बऱ्याच अंशी आपोआप सांभाळले जाते. कार्बोरेटरला ते जमत नाही. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), प्लग पांढरट पडतो आणि गाडी सकाळी धरत नाही. रबरी नळ्या आणि ओ-रिंग तपासून बदलून घ्याव्यात. बाजूच्या चाकांच्या स्कूटरमध्ये बेल्ट आणि रोलर लवकर झिजतात, कारण ओढायचे वजन जास्त असते. ते पुस्तिकेतील मुदतीआधीच उघडून बघावेत.

संकेश्वर, ऊस उत्पादक

आमच्या उसाच्या मळीपासूनही इथेनॉल होते आणि जिल्ह्यातील कित्येक कारखाने त्यावर उभे आहेत, म्हणून ॲव्हरेज पडले की बोट आमच्याकडे दाखवले जाते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या दुचाकींची ई-२० वरील घट ३ ते ४ टक्के दिलेली आहे. म्हणजे ३५ ची गाडी ३४ च्या आसपास यावी. ज्यांची २८ वर आली आहे, त्यांनी राहिलेल्या सहा किलोमीटरचे कारण गाडीतच शोधावे.

अथणी, पोस्ट खात्यातील कर्मचारी

माझी बाजूच्या चाकांची स्कूटर ३६ वरून २९ वर आली, तेव्हा माझा पहिला संशय पंपावर होता. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल सोडून दाखवावे लागते. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. पंपावरील मुलाने सुरुवातीला टाळाटाळ केली, परंतु मालकांनी स्वतः माप आणले, आधी ते ओले करून रिकामे केले आणि मग भरून दाखवले. पेट्रोल मानेवरील रेषेला बरोबर टेकले.

मग कारण गाडीतच शोधावे हा वरील सल्ला आठवून मी घरी आल्यावर तिन्ही मागच्या चाकांना हात लावून बघितला. डाव्या बाजूच्या चाकाचा मधला भाग इतका तापला होता की बोट ठेववत नव्हते, उजवा कोमट होता. जॅकवर घेऊन फिरवले तेव्हा डावे चाक घरघर करत अर्ध्या फेऱ्यातच थांबले. मिस्त्रींनी बेअरिंग काढले, तर आत ग्रीसऐवजी लालसर चिखल होता. दोन्ही बाजूंची बेअरिंग नवी घातली असून आता टाकी फुल केली आहे; ती संपली की आकडा येथेच लिहीन.