विषय: भाच्याच्या खोलीसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर (उदगीर)

प्रेषक: उदगीरची ताई

मंडळी, नमस्कार.

पुढच्या महिन्यात पंधरा दिवसांसाठी इकडून, परदेशातून, उदगीरला निघालेय. भाचा यंदा अकरावीत गेला. चार वर्षांपासून तबला शिकायलाय आणि जेव्हा बघावं तेव्हा कानात इअरफोन. आईला त्याची काळजी लागून राहिलीय. तुला काय आणू म्हणून विचारलं तर म्हणाला, "आत्या, मोबाईल नको. आजोबांचे स्पीकर वाजतील असं काहीतरी आण." ऐकून गलबलून आलं.

ती जोडी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हैदराबादहून आणली होती, मी शाळेत असताना. लाकडी खोकी, पुढं काळं कापड. त्याच्यासोबतचा डेक कधीच भंगारात गेला. स्पीकर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. मागच्या पाटीवर '८ ओहम' एवढंच वाचता येतं म्हणे. पोराची खोली दहा बाय बारा. माझं बजेट पाच हजार रुपये, फार तर सहा. ऑनलाइन बघायला गेलं की कुठं १०० वॅट, कुठं ३००, कुठं ६००, आणि किंमत सगळ्यांची जवळपास सारखीच. किती वॅटचा घेऊ? इकडून नेऊ की तिकडंच घेऊ?

प्रेषक: नांदेडचे भाऊ

ताई, एवढा व्याप कशाला? एक चांगला ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाका. मी माझ्या पुतण्याला दिला, पोरगं खूश आहे. वायरी नाहीत, लाइट गेली तरी वाजतो, गच्चीवर नेता येतो. जुन्या स्पीकरमागं लागून वेळ जाईल आणि पंधरा दिवसांत तुमचं काम व्हायचं नाही.

प्रेषक: सेलूचे काका (सध्या मुक्काम परभणी)

ताई, भाऊ,

संक्रांत होईपर्यंत मी इकडंच आहे. तुमचा मेल वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. कॉलेजच्या दोन उन्हाळी सुट्ट्या मी सेलूत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढल्या. पुढं नोकरी वेगळीच केली, पण सोल्डरिंग काही हातातून सुटलं नाही. शिवाय अकरावीतलं पोर आजोबांचे स्पीकर मागतंय, त्याला 'व्याप होईल' असं सांगायला माझं मन घेत नाही.

भाऊंचं एक खरं आहे, लाइट गेल्यावर ब्लूटूथ स्पीकर वाजत राहतो. पण हा मुलगा तबला शिकतोय. डग्ग्याचा घुमारा बराचसा शंभर हर्ट्झच्या खाली असतो, आणि तळहाताएवढ्या डब्याला तिथं आवाज काढणं जमत नाही. हवा ढकलायला त्यातला कोन, म्हणजे आवाज काढणारा कागदी पडदाच, पुरेसा मोठा नसतो. घिस्सा मारताना सूर खालून वर कसा सरकतो, हेच तर त्यानं ऐकायला पाहिजे. दुसरं म्हणजे दोन स्पीकर चार-पाच फूट लांब ठेवले की गाणारा मध्ये, तबला एका बाजूला, तंबोरे मागं असं सगळं जागच्या जागी ऐकू येतं. एका डब्यातून ते कधीच येत नाही.

आता कामाचं. अ‍ॅम्प्लिफायर सध्या बाजूला ठेवा, आधी स्पीकर जिवंत आहेत का ते भावाला बघायला सांगा. पुढचं कापड काढलं की कागदी कोनाच्या कडेला एक मऊ गोल पट्टी दिसेल. ती फोमची असेल तर बोटानं हलकेच दाबून बघायची. इतक्या वर्षांनी, त्यातही आपल्याकडच्या उन्हाळ्यानं, फोमचा बहुतेक भुगा होतो, बोट लावलं की काळी पूड हाताला लागते. तसं झालं असेल तर घाबरू नका, नुसती रिंग बदलता येते. पट्टी कापडाची किंवा रबराची असेल तर तुमचं नशीब चांगलं.

मग पेन्सिल सेल घ्यायचा, साधा दीड व्होल्टचा. अधिक टोक लाल खुंटीला, उणे टोक काळ्या खुंटीला, नुसतं टेकवून लगेच काढायचं. 'टक्' असा आवाज आला आणि कोन पुढं सरकला की आतली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, शाबूत आहे. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो. ते बरोबरच आहे, आठच पाहिजे म्हणून स्पीकर टाकून देऊ नका.

आता वॅट. या आकड्यावरच गिऱ्हाईक फसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हल्लीचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर क्लास-डी असतात. त्यातले आउटपुट ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत. म्हणून वहीएवढ्या डब्यातून चांगली ताकद मिळते आणि एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ वर गेला तरी डबा कोमटच राहतो. या स्वस्त डब्यांपैकी पुष्कळांमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ नावाची आयसी (चिप) असते. आयसी चांगली आहे. डब्यावरचा आकडा खरा नसतो.

हिशोब तुम्हीच करून बघा. सोबतचा अ‍ॅडॅप्टर २४ व्होल्टचा असेल तर या आयसीतून स्पीकरला जास्तीत जास्त २४ व्होल्टचं शिखर मिळणार. २४ गुणिले २४ म्हणजे ५७६. त्याला ओहमच्या दुपटीनं, म्हणजे १६ नं भागा. ३६ वॅट आले. ही झाली कागदावरची कमाल, स्वच्छ आवाजात त्याहून कमीच मिळणार. मग तुमच्या ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट येणार कुठून? ६०० तर सोडूनच द्या. तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा वाचूच नका, अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. या दोघांच्या गुणाकारापेक्षा जास्त वॅट आतून सतत निघूच शकत नाहीत.

बरं, लागतात किती? साधारण घरगुती स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढं पुष्कळ झालं. फक्त तबल्याची थाप एकदम उसळते. दहा डेसिबल वर जायला दहापट वॅट लागतात, म्हणून सरासरी फार तर एक वॅटवर ऐकताना थापेला दहा-वीस वॅट हाताशी असावेत. वीस-तीस खरे वॅट या खोलीला भरपूर आहेत. ताकद कमी पडली की थापेचं टोक छाटलं जातं आणि मुळात नसलेले कर्कश स्वर त्यात मिसळतात. तबल्याच्या बाबतीत हे जास्तच खटकतं. मधल्या काळ्या शाईमुळे त्याच्या पुडीतून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी सुरेल नात्यात बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं. ते नातं बिघडलेलं पोराच्या कानाला लगेच कळेल, आणि चूक आपल्या हाताची की डब्याची या विचारात ते बसेल.

थोडक्यात टीपीए३११६ चा, बास-ट्रेबलची बटणं आणि ऑक्सची (फोन वायरनं जोडायची) खाच असलेला, ब्लूटूथवाला छोटा डबा घ्या. बजेट ताणायचं नसेल तर अ‍ॅडॅप्टरशिवाय मिळणारा घ्या आणि घरात पडलेला जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर त्याला लावा. वरच्याच हिशोबानं २२ वॅटपर्यंत मिळतील, तेवढ्यात भागतं. मात्र डब्यावर १९ व्होल्ट चालतात असं लिहिलेलं हवं, पिन घट्ट बसायला हवी आणि आतलं टोक अधिक आहे ना, हे दोन्हीकडच्या चित्रावरून जुळवून घ्यायचं. लाइटचं म्हणाल तर हीच आयसी १२ व्होल्टवरही चालते. डब्याच्या कागदावर १२ व्होल्ट लिहिलेले असतील तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मध्ये फ्यूज टाकून, लाइट गेल्यावरही ऐकता येईल. सात-आठ वॅट मिळतील.

गावातला कुणी ट्रॅक्टरच्या टेपमधला ४४४० नावाच्या जुन्या आयसीचा बोर्ड बसवून देतो म्हणेल. त्या आयसीनं आपल्या भागात लग्नंच्या लग्नं वाजवलीत, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिचे दोन चॅनलला सहा-सहा वॅट, तेही ४ ओहमवर. इथं ती कमी पडेल.

इकडून न्यायचं की तिकडं घ्यायचं, यावर माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी एकदा मोठ्या हौशीनं अमेरिकेतून जुना वजनदार रिसीव्हर परभणीला आणला. मागं '१२० व्होल्ट' लिहिलेलं होतं ते मी पाहिलं नाही. भिंतीतल्या २३० वर बटण दाबलं आणि दोन मिनिटांत खोलीभर जळक्या वार्निशचा वास. ट्रान्सफॉर्मर गेला. वडील शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त खिडकी उघडली. म्हणून ताई, अ‍ॅडॅप्टरवर 'इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलंय का ते आपल्या डोळ्यांनी वाचा. ते असेल तर नुसती पिन बदलून काम भागतं.

आणखी एक, हे विसरू नका. या डब्यात दोन्ही चॅनलच्या काळ्या खुंट्या वेगवेगळ्या असतात, आतून त्या ग्राउंडला जोडलेल्या नसतात. जुन्या डेकच्या सवयीनं कुणी दोन्ही काळ्या वायरी एकत्र पिळल्या तर आयसी जाऊ शकते. प्रत्येक स्पीकरला आपापली दोन तारांची वायर.

आजींची काळजी रास्त आहे. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास आणि सरासरी ७५ डेसिबल एवढी मर्यादा सांगते, मोठ्यांसाठी ८०. घरातल्या साध्या बोलण्यापेक्षा बराच जास्त आवाज म्हणजे तेवढा. पोराला सांगा, गाणं चालू असताना आजीनं दारातून हाक मारली तर ऐकू आली पाहिजे.

प्रेषक: नांदेडचे भाऊ

काका, अ‍ॅडॅप्टरचा हिशोब मला माहीतच नव्हता. पुतण्याच्या स्पीकरवर ८०० वॅट लिहिलंय आणि तो मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतो. ताई, काकांचं ऐका.

प्रेषक: उदगीरची ताई (उदगीरहून)

काका,

डबा आला, स्पीकर माळ्यावरून उतरवले. चादर सोडली तर आत दादांच्या हातची चिठ्ठी निघाली, 'डावा' आणि 'उजवा' असं लिहिलेली. आई ती हातात घेऊन बराच वेळ बसली होती.

उजव्याचा फोम तुम्ही म्हणालात तसा, पूड. डाव्याचा अजून धरून आहे. सेल लावून दोन्ही बघितले, दोन्ही 'टक्' करतात. अ‍ॅडॅप्टरवर १००–२४० आहे, दोनदा वाचलं. काल रात्री हळू आवाजात लावलं. गाणं आलं, पण भाच्याचं तोंड उतरलं. म्हणतो, "आत्या, डग्गाच नाही." खरंच नाही. चाट छान, बोल स्वच्छ, पण खालचा घुमारा गायब. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलं की तर आणखीनच पोकळ. फोममुळं असेल का? आणि भाच्यानं फोनचा चार्जर काढला की एक बारीक गुणगुण बंद होते, ती कशाची?

प्रेषक: सेलूचे काका

फोममुळं थोडं होईल, पण मध्ये बसल्यावर पोकळ वाटतं म्हणजे एका स्पीकरची वायर उलटी लागलीय. एक कोन पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. सेल लावताना कोन पुढं आला की मागं गेला, ते बघितलं का? नुसतं 'टक्' पुरत नाही. जुन्या खुंट्यांचा रंग उडालेला असतो, किंवा पूर्वी कुणी आत उलट जोडलेलं असतं. डबा बंद करा, एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करा आणि मग लावा.

गुणगुण चार्जरचीच. घराला अर्थिंग धड नसलं की चार्जरमधून गळणारा करंट ऑक्सच्या वायरवरून आवाजात शिरतो. ऐकताना फोन चार्जिंगला लावू नका, किंवा ब्लूटूथवर ऐका.

प्रेषक: उदगीरची ताई

डग्गा आला!! डाव्याचा कोन आतच जात होता. वायर बदलली आणि पहिल्याच 'धा'ला पोरगं पलंगावरून उठून उभं राहिलं. तोच तुकडा सात-आठ वेळा लावला, मग स्वतःचा तबला काढून त्याच्यासोबत वाजवत बसला. आई दारात खुर्ची टाकून ऐकत होती. हाक मारून बघितली तिनं, त्याला ऐकू आली.

उजवा मात्र जरा आवाज वाढवला की खरखरतो. रिंग उदगीरला मिळेना, भाऊ परवा लातूरला जाणार आहे. कोन मोजला तर साडेसहा इंच भरतो आणि बाहेरची पत्र्याची कड धरली तर आठ. दुकानात काय सांगायचं?

प्रेषक: सेलूचे काका

माप सांगू नका, स्पीकरच खोक्यातून काढून सोबत न्या. चार स्क्रू आहेत. काढण्याआधी मागच्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डीजेचे स्पीकर भरणारे कारागीर हे काम करतात, पण त्यांना बजावून सांगा, फक्त रिंग बदलायची, कोन आणि कॉइलला हात लावायचा नाही. नाहीतर ते जाड कोन बसवून देतील आणि आवाजच पालटेल. आणि एक गेला म्हणजे दुसराही आज ना उद्या जाणारच, तेव्हा डावाही घेऊन जा. जोडीनंच बदला.