गेटवरचे कॅमेरे पोलीस ठाण्याला जोडावेत का?

दादरकर: रविवारी सोसायटीच्या सभेत ठराव आला, गेटवरच्या चार कॅमेऱ्यांचं चित्रण थेट पोलीस ठाण्याला द्यायचं. चहा यायच्या आत मंजूर! विरोधात मी एकटा. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" म्हटलं, बाथरूमला कडी लावता ना? सगळे हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क म्हटलं, ते ऐकायला कोणी थांबलंच नाही.

लालबागची_ताई: काका, २६/११च्या रात्री माझा भाऊ सीएसटीहून जेमतेम घरी पोचला. अतिरेकी पाकिस्तानातल्या म्होरक्यांशी फोनवर बोलत होते, ते आपल्या यंत्रणांनी ऐकलं म्हणून तर पुरावा हाती आला. तुमच्या कडीपेक्षा ते मोठं.

दादरकर: ताई, त्याला कोण नाही म्हणतंय? हल्ला चालू होता, नंबर ठरावीक होते. टॅपिंगला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण लागतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणात हे कारणच नाही म्हणून टॅपिंगचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं.

लालबागची_ताई: म्हणजे लाचेचा पुरावा पुसायचा? छान!

दादरकर: तिथे मलाही चुटपुट लागते, खोटं कशाला बोलू. पण परवानगी देतो गृहसचिव, ती तपासणारी समितीही सचिवांचीच. सासूची तक्रार सासूच्या बहिणीकडे! १८८५च्या टेलिग्राफ कायद्याखाली हेच होतं, २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यातही न्यायाधीश कुठे नाही.

परळ_लोकल: सरकार लांब राहिलं. आमच्याकडे डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड वॉचमनच्या केबिनमध्ये, कॅलेंडरच्या मागे पेनने लिहिलाय. खजिनदार रोज बघतात, कामाच्या मावशी सव्वासातला आल्या की साडेसातला. परवा त्यावरून पगार कापायची भाषा झाली. चोर अजून एकही सापडलेला नाही.

लालबागची_ताई: हे मात्र वाईट. तरी आमच्या गल्लीत मंगळसूत्र खेचणारा कॅमेऱ्यामुळेच सापडला, हेही लिहून ठेवा.

परळ_लोकल: चित्रण किती दिवस ठेवणार, ते ठरावात आहे का?

दादरकर: नाही. पुढच्या सभेत १५ दिवस सुचवतो, आणि गुन्हा नोंदला असेल तरच पोलिसांना द्यायचं, तेही लेखी मागितल्यावर.

लालबागची_ताई: १५ कमी होतात, काका. लोक गावाला जातात, घरफोडी महिन्याने कळते. ३० करा, मग माझी काही हरकत नाही. लेखी मागण्याचं ठीक आहे.